पुढे तीस, मागे तीस

गेली सहा वर्षं मी दर रविवारी गाडीत हवा भरतो. दात घासावे इतक्या नेमाने. चिरंजीवांना ठाण्याला क्लासला सोडायचं, मासळी घ्यायची, आणि अकराच्या उन्हात मुलुंडला परतताना घराजवळच्या पंपावर हवेच्या रांगेत उभं राहायचं. पुढे चार रिक्षा, एक टेम्पो, आणि नेमका माझ्या पुढचा गृहस्थ व्हॉल्व्हची काढलेली टोपणं कुठल्या खिशात ठेवली ते शोधत असतो. मागच्या सीटवर बोंबील माना टाकतात.

नंबर लागला की पंपावरचा पोरगा पाईप रोखून विचारतो, "साब, कितना डालूँ?" पंगतीतला वाढपी भाताचं पातेलं घेऊन पुढे सरकताना विचारतो, त्याच घाईत. पहिल्या रविवारी मी गांगरलो. म्हटलं, "सब लोग कितना डालते हैं?" तो म्हणाला, "तीस." तेव्हापासून माझं उत्तर ठरलेलं: "आगे तीस, पीछे तीस." ठासून म्हटलं की कुठलाही आकडा अभ्यासातून आल्यासारखा वाटतो.

तसा सल्ल्यांचा तुटवडा नव्हता. सासऱ्यांच्या मते चोवीसच्या वर हवा म्हणजे टायर फुटायला आमंत्रण. त्यांनी आयुष्यभर फियाट चालवली. ऑफिसातला एक जण मायलेजसाठी अडतीस भरतो आणि गाडी चेंडूसारखी उडते हे अभिमानाने सांगतो. एकदा मीच टायरच्या बाजूवर कोरलेला ४४ हा आकडा वाचून हरखलो होतो. तो सोसण्याची कमाल मर्यादा निघाला, भरायचा आकडा नव्हे. तळमजल्यावरचे काका पैसे मोजून नायट्रोजन भरतात. फुकटच्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. ते सोसायटीचे खजिनदार आहेत आणि माझा दोन महिन्यांचा मेंटेनन्स थकलाय.

यंदा गणपतीला राजापूरला जायचं ठरलं, आणि प्रवासाची तयारी म्हणून बायकोने गाडीचं पुस्तक वाचायला घेतलं. गाडीबरोबर पुस्तकही आलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

"अहो, ड्रायव्हरचं दार उघडा. आत स्टिकर आहे."

होता. दिवसातून चारदा उघडतो ते दार, आणि त्याच्या चौकटीवर सहा वर्षं तो बिचारा वाट बघत होता. दोन माणसं असतील तर पुढे ३०, मागे ३०. गाडी भरलेली असेल तर पुढे ३२, मागे ३६.

"बघ! तीसच!" मी म्हणालो.

"तुम्ही नि मी असलो तर. आता आई-बाबा आहेत, हा आहे, आणि डिकीत सामान. शिवाय खाली लिहिलंय, टायर थंड असताना."

थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी, किंवा फार तर दीडेक किलोमीटर चाललेली. धावताना टायरचं रबर दबत-सुटत तापतं, वरून ऊन. आतली हवा तापली की दाब चढतो. सोमवारी सकाळी तिने मागवलेलं, हवेचा दाब मोजायचं गेज लावलं. चारही चाकांत सत्तावीस. आदल्या दिवशी अकरा वाजता तीस केलेली होती!

मग एकेक उलगडा व्हायला लागला. गेल्या खेपेला टायर बदलताना दुकानदार म्हणाला होता, मधली नक्षी शाबूत आहे, दोन्ही कडा तेवढ्या झिजल्यात. कमी हवेचं हे पक्कं लक्षण. मी मात्र ते मुंबईच्या रस्त्यांच्या खात्यावर टाकलं होतं. एका टायरला फुगा आला होता, कारण हवा कमी असली की खड्ड्यात टायर रिमखाली चेपतो आणि आतले धागे तुटतात. आणि ऊन फार असेल त्या रविवारी तो पोरगा "साब, ज़्यादा है" म्हणत फुस्सकन हवा सोडायचा. मी त्याला वर दहा रुपये द्यायचो.

निघायच्या आदल्या रात्री डिकी भरून झाली. समया, मखराचे तुकडे, तांदळाच्या पिठाचा डबा, आईंची वळकटी. झाकण लावलं आणि बायकोने विचारलं, "स्टेपनी बघितलीत का?"

वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४च्या सुमारास जादाच्या चाकाचा धंदा सुरू झाला आणि रस्त्याचं नाव चाकाला चिकटलं. माझी स्टेपनी बहुधा तेव्हाच शेवटची तपासलेली असावी. सगळं सामान पार्किंगमध्ये मांडलं. वॉचमनला वाटलं, आमचं भांडण झालंय. गेज म्हणालं, नऊ.

पहाटे साडेचारला, चाकं तापायच्या आत, एक किलोमीटरवरचा पंप गाठला. रांग नव्हती. तोच पोरगा खुर्चीत पेंगत होता.

"साब, कितना डालूँ?"

आयुष्यात पहिल्यांदा मला उत्तर माहीत होतं. "आगे बत्तीस, पीछे छत्तीस. स्टेपनी में भी छत्तीस."

त्याने डोळे चोळले, माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे.

"साब, सब लोग तीस डालते हैं."