थंड करण्याइतकीच काळजी परत गरम करतानाही हवी

महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, कमानीवर शस्त्रक्रिया ठरली की नातेवाईक हृदयाबद्दल खोदून खोदून विचारतात, मेंदूबद्दल मात्र क्वचितच कोणी विचारते. वास्तविक तिथे सर्वांत मोठी चिंता मेंदूचीच असते. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या याच कमानीतून फुटतात आणि ती बदलायची तर काही काळ रक्तप्रवाहच थांबवावा लागतो. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण प्राणवायूचा खप सुमारे २० टक्के. एरवीच्या तापमानाला चार-पाच मिनिटे रक्त तुटले तरी कायमची इजा होऊ शकते.

म्हणून शस्त्रक्रियेत हृदय-फुफ्फुसांचे काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनमधून रक्त गार करत शरीराचे तापमान १८ ते २० अंश सेल्सिअसपर्यंत उतरवण्याची पद्धत रूढ झाली. कमानीच्या शस्त्रक्रियेत तिची उपयुक्तता शल्यचिकित्सक रँडल ग्रिप यांनी १९७५ मध्ये दाखवून दिली. तापमान एका अंशाने उतरले की मेंदूची प्राणवायूची गरज साधारण ६ ते ७ टक्क्यांनी घटते. डोक्याभोवती बर्फाच्या पिशव्या रचलेल्या असतात, पंप थांबतो, आणि मग कोणीतरी मिनिटे मोठ्याने सांगत राहते. एवढ्या थंडीतही हातात साधारण अर्धाच तास असतो. चाळीस मिनिटांपुढे पक्षाघाताचा धोका वाढत जातो.

आता उजव्या काखेतील धमनीतून मेंदूला रक्त चालू ठेवता येते आणि शरीर २४ ते २८ अंशांवर ठेवले तरी भागते. ही प्रगती मोलाचीच आहे. पण 'मग थंड करायचेच कशाला' हा सूर मला मान्य नाही, कारण तो पुरवठा मध्येच अडला तर मेंदूच्या पाठीशी फक्त थंडी उरते, शिवाय मूत्रपिंडे आणि मज्जारज्जू त्या वेळात रक्तावाचूनच असतात.

माझा खरा आग्रह पुढच्या टप्प्याबद्दल आहे. जोडणी पूर्ण होते, सगळे थकलेले असतात, थंडीमुळे रक्त लवकर गोठत नाही, आणि रुग्णाला भराभर गरम करण्याचा मोह होतो. पंपातून आलेले गरम रक्त मेंदूला आधी मिळते, त्यामुळे मूत्राशयातला तापमापक ३५ दाखवत असताना मेंदू त्याहून कितीतरी तापलेला असू शकतो, आणि नुकताच ताण सोसलेल्या मेंदूला ती उष्णता अजिबात झेपत नाही. म्हणूनच शरीरात जाणारे रक्त ३७ अंशांच्या वर जाऊ न देणे आणि जाणाऱ्या व परतणाऱ्या रक्तात १० अंशांहून अधिक फरक न ठेवणे, हे दंडक आहेत. रक्तप्रवाह थांबल्याची मिनिटे नोंदीत काटेकोरपणे लिहिली जातात. गरम करताना रक्ताचे तापमान जास्तीत जास्त किती झाले, हेही त्यांच्या शेजारीच लिहिले गेले पाहिजे.