यंत्राला समजेल अशी येळवस

लातूर-धाराशिवकडील सुज्ञ वाचकहो, यंदा येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचा शेतातला सण, करण्यापूर्वी कृत्रिम बुद्धिमत्तेचा सल्ला अवश्य घ्यावा. गेल्या वर्षी मी घेतला होता. भज्जीची कृती विचारली, तेव्हा यंत्राने मोठ्या अदबीने कांदा उभा चिरून, बेसनात घोळवून तळायला सांगितला. तुरीचे आणि हरभऱ्याचे ओले दाणे, वाटाणा, पालेभाज्या, चिंचेचा कोळ व बेसन ज्या पातेल्यात एकत्र शिजते त्याला आमच्याकडे भज्जी म्हणतात, असे कळवल्यावर त्याने क्षमा मागितली आणि कांद्यात पालक घातला. एवढ्या विनयशील जाणकाराशी हुज्जत घालणे बरे नव्हे. चूक पातेल्याचीच आहे, असे थोरल्या काकूंना समजावून सांगावे. (सांगताना उलथने त्यांच्या हाताशी नाही, एवढे पाहून घ्यावे.)

दुसरे, जिभेला वळण लावावे. ‘काय करूलालास?’ (म्हणजे ‘काय करतो आहेस?’) असे मोबाइलला तोंडी विचारले, तर तो ‘काय करू लाल आस’ असे लिहितो. ज्या मजकुरावर ही यंत्रे वाढली, त्यात आपल्या आज्यांचे बोलणे आलेच नाही. दोष अर्थातच आज्यांचा. पहाटे जात्यावर ओव्या म्हणत बसण्याऐवजी त्यांनी त्या टंकलिखित करून आंतरजालावर चढवायला हव्या होत्या.

काटकसरही शिकावी. संगणकाच्या प्रचलित युनिकोड नोंदीत इंग्रजी अक्षराला 1 बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, अगदी मात्रेलासुद्धा, 3. म्हणजे ‘येळवस’ 15 बाइट खाते आणि इंग्रजीतली पिकनिक 6 बाइटांत उरकते. तांड्यावरच्या शेजाऱ्यांना तर हा उपदेश करण्याचीही गरज नाही. 2011च्या जनगणनेने लमाणी बोलणाऱ्या 32 लाखांहून अधिक माणसांना हिंदीच्या रकान्यात बसवून यंत्राचे काम आधीच हलके केले आहे.

शेतातल्या कडब्याच्या कोपीत पांडव पुजून झाल्यावर शेताभोवती आंबील शिंपडत ‘ओलगे ओलगे, सालम पोलगे’ म्हणण्याची प्रथा मात्र तूर्त स्थगित ठेवावी. या शब्दांना यंत्राने आधी स्पॅनिश ठरवले, मग तुर्की. थोरल्या काकांना अर्थ विचारला, तर त्यांनी आंबिलीचा तांब्या माझ्या हातात दिला आणि ते बांधाने पुढे चालू लागले. अशा उत्तराची नोंद कोणत्या रकान्यात करावी, ते यंत्राला विचारून कळवतो.