दीड लीटर ताक भागिले शून्य पॉइंट दोन

बँकेत बावीस वर्षं झाली मला. दिवसभर व्याजाचे पॉइंटच पॉइंट. त्यामुळे परवा रात्री साडेनऊला आमचे चिरंजीव (सहावी) वही घेऊन आले आणि "बाबा, डेसिमलचा भागाकार समजवा ना" म्हणाले तेव्हा मी टीव्हीसुद्धा बंद केला नाही. म्हटलं दोन मिनिटांचं काम.

गणित होतं १.५ ÷ ०.२. म्हटलं दोन्हीकडचा पॉइंट एकेक घर सरकव, झाले १५ भागिले २, सोडव. सोडवलं त्याने. सात, बाकी एक.

"पण बाबा, पॉइंट सरकवायची परमिशन कोणी दिली?"

आता आमच्या वेळी हे मास्तरांना विचारायची सोय नव्हती, मास्तर सरकव म्हणाले की आपण सरकवायचा, नाहीतर ते आपल्याला सरकवायचे. तरी मी शांतपणे सांगितलं की दोघांनाही दहाने गुणलं, दोघं सारखेच वाढले, म्हणून उत्तर तेच राहतं. हे पटलं. मग म्हणतो, "लेकिन भाग दिल्यावर कमी होतं ना? दीडचे सात कसे झाले, ये तो बढ़ गया!"

आमच्या घरात आधीच भाषेची खिचडी. शाळेत डिव्हायझर-कोशंट, ट्यूशनवाल्या दीदींकडे दशमलव-भागफल-शेष, घरी आजीची बाकी. इंदूरमध्ये तिसरी पिढी आमची, मी स्वतः प्रेमाने मराठीत बोलतो आणि चिडलो की हिंदीत. त्या रात्री पावणेदहापर्यंत मी पूर्ण हिंदीत पोचलो होतो.

शेवटी म्हटलं प्रत्यक्षच दाखवावं. फ्रिजमध्ये ताक होतं, बायकोच्या मापाच्या कपाने बरोब्बर दीड लीटर मोजलं. स्टीलचे ग्लास काढले, प्रत्येकात २०० एमएल, म्हणजे ०.२ लीटर. आता भागाकार म्हणजे काय, तर दीड लीटरमध्ये असे ग्लास किती बसतात! ग्लास लहान, मग जास्तच बसणार ना. ओट्यावर एक-दोन-तीन करत सात ग्लास उभे राहिले आणि पोराच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी विजयी मुद्रेने बायकोकडे बघितलं. ती ताकाकडे बघत होती.

"बाबा, पण बाकी एक होती ना? एक लीटर कुठे आहे?"

पातेल्यात तळाला थोडंसं ताक. खोटं कशाला सांगू, मी पातेलं उचलून खाली पण बघितलं.

वहीत बाकी १, पातेल्यात जेमतेम अर्धा ग्लास. पाच मिनिटं आम्ही दोघं ओट्यापाशी उभे. मग ट्यूब पेटली. अरे, पॉइंट सरकवला तेव्हा ताकच दहापट झालं होतं की, मग उरलेलं पण दहापटच दिसणार! ती १ म्हणजे ०.१ लीटर, १०० एमएल, अर्धा ग्लास. ग्लास मोजले ते सातच राहतात, पण उरलेलं ताक लीटरमध्ये सांगायचं तर पॉइंट जागेवर आणावा लागतो. खरं सांगतो, हे मला या वयात पहिल्यांदा कळलं. आजवर मी बाकी उरूच दिली नव्हती, पुढे शून्य लावून ७.५ करायचो आणि मोकळा व्हायचो. अर्थात पोराला "हेच तर सांगत होतो" असं म्हटलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच असावं.

आजी इतका वेळ सोफ्यावरून ऐकत होती. "लीटरचे पाच ग्लास, अर्ध्याचे अडीच, झाले साडेसात. यात पॉइंट कुठून आणलात रे?"

"आजी, अडीच म्हणजे टू पॉइंट काय?"

आजी अशी काही बघायला लागली की जसं पोराने विचारलं, इंदुरात पोहे मिळतात का. तिची पावकी, निमकी, दीडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीडचे पाढे, सगळं तोंडपाठ! मग गाडी रुळावरून उतरली ती थेट १ एप्रिल १९५७ ला. नवे पैसे आले, मध्यप्रदेश होऊन पाचच महिने झालेले, आजी शाळेत. रुपयाचे १६ आणे होते त्याचे १०० पैसे झाले, म्हणजे आण्याचे सव्वासहा, पण हातात मिळायचे सहा. "वरचा पाव पैसा वाण्याच्या घशात!" ही तक्रार अजून ताजी आहे.

मी तेवढ्यात मनात १०० ÷ १६ केलं. ६.२५. एका सेकंदात, पॉइंट न सरकवता. कोणी विचारलं नाही.

सात ग्लास तिघांत वाटून प्यायलो. शेवटचा घोट गेल्यावर बायको म्हणाली, ते ताक उद्याच्या कढीचं होतं.

"बाबा, नेक्स्टवाला," चिरंजीवांनी पान उलटलं. "२.४ लीटर दूध, ०.२५ लीटरच्या बाटल्या."

बायको काही बोलली नाही. उठून फ्रिजला पाठ लावून उभी राहिली.