अंगणात फरशी घालायच्या आधी एक पावसाळा जाऊ द्या

कोल्हापुरात कुठल्याही नव्या कॉलनीत चक्कर मारा. बंगला उभा राहिला की या कंपाउंडपासून त्या कंपाउंडपर्यंत फरशी नाहीतर पेव्हिंग ब्लॉक. माती औषधालासुद्धा शिल्लक नाही. चिखल नको म्हणून लोक हे करतात आणि चिखलाचा वैताग मला मान्य आहे. पण बागेत बसायला जागा करणं वेगळं आणि बागच बुजवून टाकणं वेगळं.

1000 चौरस फुटांवर 25 मिलिमीटर पाऊस पडला की सव्वादोन हजार लिटरच्या वर पाणी होतं. जुलैत असा पाऊस आपल्याला नवा नाही. मातीच ठेवली नसेल तर ते सगळं गेटमधून गल्लीत जातं. 2019 आणि 2021 चे महापूर काही अंगणातल्या फरशीनं आणले नाहीत. पण तासभर पाऊस झाला की गल्लीत जे पाणी तुंबतं, त्यात आपल्या अंगणांचा वाटा नक्की आहे.

म्हणून घर झालं की लगेच अंगण गवंड्याच्या ताब्यात देऊ नका. एक पावसाळा नुसतं बघा. पागोळ्या कुठं पडतात, पाणी कुठं साचतं, शेवाळ कुठं धरतं. मग एप्रिल-मेमध्ये दुपारी चारला ऊन कुठं आहे ते बघा. घराच्या पूर्वेला त्या वेळी घराचीच सावली असते, बसायची जागा तिथंच शोभते. 10 बाय 12 फुटांत चार खुर्च्या आणि एक टेबल आरामात मावतं. बाकीची जागा झाडांची.

काळी माती असेल तर जास्त जपा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरचा कोबा फुटतो. काळी माती फूटभर तरी काढून मुरूम भरावा, पाणी मारून थराथरानं धुमस करावी, म्हणजे ठोकून घट्ट बसवावा, वर खडी आणि कच (दगडाचा बारीक चुरा), मगच दगड. दगडांच्या सांध्यात सिमेंट न भरता कचच राहू द्या, म्हणजे थोडं पाणी तिथंच जिरतं. हे काम कुणाला दिसत नाही, म्हणून खर्चाला कात्री पहिल्यांदा इथंच लागते. माझ्या मते फरशी साधी घ्या, पण भराव चांगला करा.

चकचकीत ग्रॅनाइट किंवा गुळगुळीत टाइल बाहेर अजिबात नको. पावसात घरातली म्हातारी माणसं त्यावरून घसरतात. त्यापेक्षा खरबरीत शहाबादी बरी, नाहीतर छिन्नीनं टाकी मारून खरबरीत केलेला आपला काळा दगड. 1884 साली पूर्ण झालेला न्यू पॅलेस काळ्या दगडाचाच आहे, तो बघताना कधी जुनाट वाटतो का? हा दगड उन्हात तापतो हे खरं, म्हणून तर सावली आधी बघायची.

आणि कट्टा हवाच. रंकाळ्यावर गप्पा मारत वाढलेल्या गावाला बाहेरून महागडे सोफे आणायची काय गरज? दीड फूट उंच, दीड फूट रुंद, भिंतीला लागून बांधा. शेजारी बकुळ किंवा पारिजातक लावा आणि बुंध्याभोवती तीन-चार फूट माती मोकळी सोडा. नारळाखाली मात्र बसायची जागा कधीच करू नका.

दिवाळीनंतर ज्यांचं काम निघणार आहे, त्यांनी गवंड्याशी ढाळ आधीच पक्का करून घ्यावा. दहा फुटांना दोन इंच, घराकडून झाडांच्या आळ्यांकडे. काम संपल्यावर बादलीभर पाणी ओतून बघा आणि मगच शेवटचे पैसे द्या.