'बहुतेक' म्हणजे 'नक्की' नव्हे

'कदाचित' हा शब्द आमच्या श्रीवर्धनच्या बंदरावर मी फारसा ऐकला नाही. तो पत्रातला, भाषणातला. आज बांगडा मिळेल का, असं तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, विचारलं तर तो 'लागला तर लागला' म्हणतो, नाहीतर 'बहुतेक लागेल'. दोन्हींत फार फरक आहे. पहिल्यात हाती काहीच नाही. दुसऱ्यामागे पाण्याचा रंग असतो, वारा असतो, काल शेजारच्या होडीला काय मिळालं ते असतं. खोदून विचारलं तर तो कारण सांगतो.

संस्कृतात 'कदाचित्' म्हणजे केव्हातरी, 'क्वचित्' म्हणजे कुठेतरी. दोन्ही मोघम. 'बहुतेक' मात्र मोजणीतला शब्द आहे: बहुतेक आंबे पिकले, म्हणजे निम्म्याहून बरेच जास्त, आणि तरीही काही कच्चे. हे कच्चे आंबे आपण विसरतो, ही माझी तक्रार आहे.

'निसर्ग' चक्रीवादळाच्या वेळी हेच झालं. हवामान खात्याचा इशारा स्पष्ट होता: ३ जून २०२० ला दुपारी वादळ हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान, अलिबागजवळ किनारा ओलांडेल. आदल्या संध्याकाळी बाबा ओटीवर बसून म्हणाले, "बहुतेक अलिबागला जाईल." सगळ्यांनी मान डोलावली. आम्ही अलिबाग ऐकलं. हरिहरेश्वर, जे आमच्याच तालुक्यात, ते कुणीच ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी कौलं उडाली आणि वाडीतल्या पोफळी एकावर एक आडव्या पडल्या. आजोबांनी लावलेली झाडं होती ती. बाबा दोन दिवस वाडीत गेलेच नाहीत.

नंतर लोक म्हणाले, खात्याला काही कळत नाही, नुसतं 'शक्यता, शक्यता'. मला हे मनापासून खटकतं. अंदाज चुकला नव्हता, वादळ अलिबागच्या दक्षिणेलाच आलं. तो सबंध पट्टा हीच तर बातमी होती, आम्ही त्यातलं एक गाव उचललं. पावसाच्या अंदाजातही 'तुरळक ठिकाणी' म्हणजे फार तर पाव भागात, हे ठरलेलं माप आहे. तो पाव भाग आपलं अंगणही असू शकतं.

पोफळीची नवी रोपं आता डोक्यावर गेली आहेत. इशारा आला की बाबा आधी पट्ट्याची दोन्ही टोकं विचारतात, मग मधलं गाव.