व्यवस्थापनाचा अभ्यास विभागांपासून सुरू करू नये

व्यवस्थापनाच्या पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम पाहिला की एक गोष्ट मला मनापासून खटकते. विपणन, वित्त, उत्पादन, मनुष्यबळ असे वेगवेगळे पेपर विद्यार्थ्यापुढे सुरुवातीलाच ठेवले जातात आणि हे सारे एकमेकांत गुंतलेले आहे, हे त्याला उमगेपर्यंत पदवी हातात आलेली असते.

फोर्डच्या कारखान्याचे उदाहरण घ्या. १९१३ मध्ये तेथे सरकत्या पट्ट्यावर जोडणी सुरू झाली आणि मोटारीचा सांगाडा जोडण्याचा वेळ सुमारे साडेबारा तासांवरून काही महिन्यांत दीड तासाच्या आसपास आला. उत्पादनाच्या पेपरात धडा बहुधा इथेच संपतो. प्रत्यक्षात दिवसभर एकच हालचाल करून कामगार इतके विटले, की ते भराभर काम सोडू लागले, आणि नव्यांची भरती करून त्यांना शिकवणे हाच मोठा खर्च होऊन बसला. जानेवारी १९१४ मध्ये कंपनीने कामाचे तास नऊवरून आठ केले आणि पात्र कामगारांचा रोज, नफ्यातील वाटा धरून, पाच डॉलर म्हणजे जवळजवळ दुप्पट केला. हा निर्णय मनुष्यबळाचा, वित्ताचा की उत्पादनाचा? आणि ती पात्रता ठरवताना कामगारांच्या खासगी राहणीमानाचीही चौकशी होत असे. माझ्या मते हा भाग तर वर्गात हमखास चर्चेला यायला हवा.

हिशेबांचेही तसेच आहे. तीन महिन्यांच्या उधारीवर माल विकणारा आणि कच्च्या मालाचे पैसे महिन्याभरात चुकते करणारा उद्योग विक्री वाढेल तसतसा अडचणीत येऊ शकतो, कारण नफा-तोटा पत्रक नफा दाखवत असतानाच पगाराच्या दिवशी खात्यात रोकड नसते. उधारीची मुदत विक्री विभागाने वाढवलेली असते, ओढाताण मात्र इतरांची होते.

फ्रेंच व्यवस्थापनतज्ज्ञ आंरी फेयॉल यांची व्यवस्थापनाची चौदा तत्त्वे मी गैरलागू मानत नाही. ती १९१६ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांच्या पाठीशी खाण कंपनी चालवण्याचा जवळजवळ तीन दशकांचा अनुभव होता. आपण मात्र ती अनुभवाआधीच पाठ करून घेतो. त्याऐवजी पहिल्या सत्रात एकच उद्योग निवडावा, त्याचा ताळेबंद, कामाच्या पाळ्या, ग्राहकांच्या तक्रारी आणि उधारीची वही एकत्र वाचायला द्यावी, आणि विभागवार पेपर दुसऱ्या सत्रापासून सुरू करावेत.