पिल्लाचा पाय आणि दादाचा हिशेब

सोफ्यावरून उडी मारली आणि आमच्या साडेतीन महिन्यांच्या पिल्लाची मागची नडगी मोडली. इंग्लंडात, लेस्टरला, आमच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी प्लेट बसवायचा अंदाज दिला तीन हजार पौंड. विमा काढायचा राहून गेलेला. इस्लामपूरहून दादाने घरच्या ग्रुपवर लिहिलं, "कुत्र्यावर तीन लाख? इथं माणसाला खाट मिळेना!"

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांबद्दल आदेश दिला, तेव्हापासून आमच्या ग्रुपवर 'माणूस की जनावर' एवढंच चालू असतं. दादाच्या मते इकडचे लोक प्राण्यांवर पैसा उधळतात. मला दिसतं ते वेगळंच. आकडा ऐकून धडधाकट होऊ शकणाऱ्या जनावराला इंजेक्शन देऊन कायमचं निजवणारेही इथेच आहेत. सरकारी आरोग्यसेवा माणसांची. प्राण्यांना ती नाही. पीडीएसए ही १९१७ पासूनची धर्मादाय संस्था आहे, पण तिची मदत सरकारी भत्त्यांवर जगणाऱ्यांना. आम्ही पगारदार, म्हणजे अधांतरी.

मग लाज सोडून विचारलं, "माझ्याकडे सातशेच आहेत. काय करता येईल?" बाई अजिबात रागावल्या नाहीत. नडगीशेजारचं बारीक हाड शाबूत होतं, मोडलेलं हाड फारसं सरकलं नव्हतं, शिवाय वय लहान. प्लास्टर चालेल, म्हणाल्या. मांडीचं हाड असतं तर हा मार्गच नव्हता. मोडलेल्या हाडाचे वरचे-खालचे दोन्ही सांधे जखडावे लागतात, आणि खुबा प्लास्टरमध्ये नीट बसत नाही. पाय वाढता, म्हणून प्लास्टर दर आठवड्याला बदलायचं, ओलं होऊ द्यायचं नाही, बोटं सुजली की लगेच धावायचं. आणि घरातली आपली वेदनाशामक गोळी चुकूनही द्यायची नाही.

बाबा करडाच्या पायाला बांबूच्या कामट्या बांधायचे. दादा अभिमानाने सांगतो, फुकटात जुळायचा. करकचून बांधलेला एक पाय काळा पडून सडला होता, ते तो सांगत नाही.

परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात गरिबाचं जनावर आजही जातं, हे मात्र मी इकडच्या मैत्रिणींना ऐकवते. पण इस्लामपूरहून परळ किती लांब! तालुक्याच्या दवाखान्यात म्हशीचं कळतं, पिल्लाच्या नडगीचं कोण बघणार? दादाने यावर भांडावं, मी त्याच्या बाजूने बोलेन.

तिसरं प्लास्टर काल झालं. पिल्लू पिंजऱ्यात कंटाळून माझी चप्पल मागतंय. दादाने रात्री खासगीत विचारलं, "टेकवतंय का पाय?"